जुनी पॅनामेरा घ्यायची आहे: डिझेल, साधी व्ही-६ की ४एस? (सांगली)

कृष्णाकाठ_१०

मंडळी नमस्कार. पहिल्या पिढीतली (९७०) जुनी पॉर्शे पॅनामेरा बघतोय. दुरुस्तीसकट बजेट ३५ लाख. तीन गाड्या नजरेत आहेत:

१) २०१२ डिझेल, दिल्ली पासिंग, ७१,००० किमी. तिन्हींत सगळ्यात स्वस्त.
२) २०११ ४एस, ४.८ व्ही-८, मुंबई, ४८,००० किमी. एअर सस्पेन्शन, २० इंची चाकं, ब्रेक कॅलिपर पिवळे.
३) २०१२ साधी पॅनामेरा, ३.६ व्ही-६ पेट्रोल, मागच्या चाकांवर ओढणारी, पुणे, ५६,००० किमी. स्प्रिंगचं सस्पेन्शन, १८ इंची चाकं.

वापर असा: रोज सांगली-मिरज, महिन्यातून दोन-तीनदा पुणे, कधीतरी मुंबई. वर्षाला १२,००० किमी धरा. घरात चौघं, त्यामुळे दोन दारांची नको. एजंट डिझेलच्या मागे लागलाय, मित्रमंडळी म्हणतात घ्यायचीच तर व्ही-८ घे. एक टर्बोही बजेटात बसतेय, पण ती जवळजवळ सोडली आहे. रस्ते, इंधन, स्पेअर, आरटीओ, सगळ्या बाजूंनी बोला.

सातवा_गिअर

तुमच्या तीन गाड्यांत तीन वेगळी इंजिनं आणि दोन वेगळे गिअरबॉक्स आहेत, त्यामुळे पैसे जाण्याच्या जागाही वेगळ्या.

डिझेल: ३.० लिटर व्ही-६, २५० पीएस, ५५० न्यूटन मीटर. हिला पीडीके (पॉर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) नाही, ८ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला टिपट्रॉनिक आहे. ट्रॅफिकमध्ये रांगत जायला हा गिअरबॉक्स पीडीकेपेक्षा सोशिक. टाकी ८० लिटरची, हायवेला एकदा भरली की विसरून जा. पण तुमचा रोजचा फेरा दहा-बारा किलोमीटरचा, आणि डिझेलचं दुखणं नेमकं तिथे आहे. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळायला इंजिन पूर्ण तापून सलग १५-२० मिनिटं एका लयीत पळावं लागतं. सांगली-मिरज रस्त्यावर ते होत नाही. रिजनरेशन (ही काजळी जाळणं) सुरू होतं, तुम्ही घरी पोहोचता, गाडी बंद. असं वारंवार झालं की काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि लेव्हल कमी व्हायची सोडून वाढते. जुन्या डिझेलची ऑइल लेव्हल 'मॅक्स'च्या वर दिसली तर आनंद मानू नका. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये काळा चिकटा साठतो तो वेगळाच. ऑइलही कमी राखेचं, पॉर्शेच्या सी-३० मान्यतेचंच लागतं. गावातल्या मिस्त्रीने पेट्रोल गाडीचं चांगलं महाग ऑइल ओतलं तरी डीपीएफचं आयुष्य घटतं.

आता बचतीचा हिशेब. तुमच्या मिश्र वापरात व्ही-६ ला सरासरी साडेआठ आणि डिझेलला बाराचं ॲव्हरेज धरा. १२,००० किमीला पेट्रोल साधारण १,४१० लिटर, डिझेल १,००० लिटर. दरातला फरक धरून वर्षाला पन्नास ते साठ हजार वाचतात. हाय प्रेशर पंपातून धातूचा कीस सुटला तर पंप, रेल, सहाही इंजेक्टर आणि टाकीपर्यंतची लाइन असं सगळं काढावं लागतं. असं एक काम निघालं की काही वर्षांची बचत त्यात जिरली.

४एस: ४.८ लिटर व्ही-८, ४०० पीएस, ५०० न्यूटन मीटर, चारही चाकांना ओढ, ७ गिअरचं पीडीके. गाडी भारीच, त्यात वाद नाही. पण २०१०-१२ च्या व्ही-८ मध्ये तीन गोष्टी तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

पहिली, कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करणारा भाग) बोल्ट. ते ढिले होतात किंवा तुटतात. आधी आयडलिंगला थरथर आणि कॅम पोझिशनचा कोड येतो, मग एके दिवशी टायमिंगच हलतं. सुधारित ॲडजस्टर बसवल्याचं बिल किंवा सर्व्हिस नोंद मागा.

दुसरी, कुलंटच्या गोंदाने बसवलेल्या नळ्या. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये या नळ्या चिकटवलेल्या असतात. तापणं-थंड होणं वर्षानुवर्षं चालतं, गोंद ठिसूळ होतो आणि दाबाखाली नळी सरळ बाहेर येते. थेंब थेंब गळून इशारा मिळेलच असं नाही. खंबाटकीच्या चढाला असं झालं तर दोन मिनिटांत कुलंट रस्त्यावर. उपाय म्हणजे नवं हाऊसिंग, किंवा आहे ते काढून नळीला पिन मारून पक्कं करणं. इंजिनच्या मध्यभागी आणि थर्मोस्टॅटभोवती गुलाबी-पांढरे वाळलेले डाग दिसतात का ते टॉर्चने बघा.

तिसरी, सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे. ब्लॉक ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा आहे, आत लोखंडी लायनर नाही. प्लग काढून, पिस्टन खाली नेऊन कॅमेऱ्याने आठही सिलिंडर बघायचे. उभ्या, नख अडकेल अशा रेषा दिसल्या तर गाडी तिथेच सोडा. हा दोष थंड प्रदेशात जास्त दिसतो, आपल्या हवेत भीती कमी, पण कॅमेरा घातल्याशिवाय कळत नाही.

साधी ३.६ व्ही-६: ३०० पीएस, ४०० न्यूटन मीटर, पीडीके. लोक हिला कायेनचं फोक्सवॅगनवालं व्ही-६ समजून नाक मुरडतात. तसं नाही. त्या काळच्या कायेनमधलं व्ही-६ वेगळं. पॅनामेरातलं ३.६ पॉर्शेच्याच ४.८ व्ही-८ मधून दोन सिलिंडर कमी करून केलेलं ९० अंशांचं इंजिन आहे. टर्बो नाही, डीपीएफ नाही, आणि बॉनेटखाली हात घालायला जागा आहे. ब्लॉकची जात तीच, म्हणून कॅमेरा हिलाही घालाच. शंभरला सव्वासहा सेकंदांच्या आसपास. पेठ नाक्यानंतर हायवेला लागलात की तेवढा पिकअप पुरून उरतो.

माझं मत ३ नंबर. ४एस फक्त वरच्या तिन्ही गोष्टी कागदावर सिद्ध झाल्या तरच.

खड्डा_चुकवा

इंजिनवर सातवा_गिअर बोललेत, मी खालून बोलतो. सांगलीत गाडीचं आयुष्य खालूनच ठरतं.

पॅनामेराचा ग्राउंड क्लिअरन्स १४४ मिमी, व्हीलबेस २,९२० मिमी, रुंदी १,९३१ मिमी. गाडी लांब आणि बुटकी, त्यामुळे पुढचं नाक सहीसलामत उतरतं आणि स्पीडब्रेकरचा माथा मधल्या पट्ट्याला घासतो. चौघं बसल्यावर तर नक्की. एअर सस्पेन्शन असेल तर बटण दाबून २० मिमी उचलता येते. गावातले घरगुती स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे, एका वेळी एक चाक. स्प्रिंगवाल्या गाडीला दुसरा मार्ग नाही.

तरी मी स्प्रिंगच सांगेन. एअरची रबरी पिशवी दहा-बारा वर्षांत घडीच्या जागी भेगाळते. हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. म्हणजे आधी पिशवी, तिच्यामागून कॉम्प्रेसर, त्याच्यामागून रिले. विकणारा फक्त पिशवी बदलून देतो, अर्धमेला कॉम्प्रेसर तुमच्या गळ्यात. तपासायचं असं: संध्याकाळी सपाट जागी गाडी लावा, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मापं घ्या, लिहून ठेवा. सकाळी स्टार्ट न करता, दारही न उघडता पुन्हा मापं. एखादा कोपरा १० मिमीपेक्षा जास्त बसला तर तिथे गळती. मग स्टार्ट करून कॉम्प्रेसर किती वेळ घरघरतो ते ऐका. दर वेळी मिनिटभराहून जास्त चालत असेल तर तोही थकलाय. पिशवी एकटी बदलू नका, एका ॲक्सलच्या दोन्ही घ्या.

चाकांचा हिशेब लोक करतच नाहीत. १८ इंचीला पुढे २४५/५०, मागे २७५/४५. म्हणजे टायरची भिंत १२२-१२४ मिमी. २० इंचीला पुढे २५५/४०, मागे २९५/३५, भिंत १०२-१०३ मिमी. हे दोन सेंटिमीटर रबर म्हणजे खड्ड्यात रिम वाकणं आणि न वाकणं यातला फरक. ४एस बघताना चारही चाकं काढून आतल्या कडेला हात फिरवा. बाहेरून पॉलिश केलेलं रिम आतून चेपलेलं निघतं. टायरवर 'एन' खूण (एन-०, एन-१ वगैरे) म्हणजे पॉर्शेने मान्य केलेला टायर. चारही एकाच खुणेचे हवेत. तारखेचा चार आकडी शिक्काही बघा, ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर जाड दिसतात आणि आतून कडक झालेले असतात.

आणि ते पिवळे कॅलिपर! पिवळे म्हणजे सिरॅमिक डिस्क. दिसायला झकास, पण एका डिस्कच्या किमतीत बरी सेकंडहँड गाडी येते. डिस्कच्या कडेचा टवका उडालाय का ते बघा. चाक काढताना रिम आपटलं तरी कड उडते, म्हणून पंक्चरवाल्याला हात लावू देऊ नका. नुसते पिवळे रंगवलेले कॅलिपरही बाजारात आहेत, तेव्हा खाली सिरॅमिकच आहे याची खात्री ऑप्शन कोडवरून करा. तो स्टिकर सर्व्हिस पुस्तिकेत असतो.

अजून एक, आपल्याकडचं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरताना पाचट आणि धूळ पुढच्या बंपरच्या जाळीतून आत ओढली जाते आणि एसी कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जमते. बाहेरून काही दिसत नाही. एसी उभ्या गाडीत गार पडत नाही, चालताना बरा वाटतो, हे त्याचं लक्षण. बंपर उतरवून, मागून पुढे हलक्या दाबाने धुवायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप समोरून मारला की पातळ पाती आडवी झोपतात आणि उरलीसुरली हवाही बंद.

फॉर्म_२९_३०

दिल्लीची डिझेल स्वस्त का, ते आधी लक्षात घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून टांगती तलवार आहे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तिथे जुनं डिझेल ठेवून फायदा नाही, म्हणून ते बाहेर ढकललं जातं. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एजंटचं घाईघाईचं कारण हेच.

कागदांचा क्रम: आधी वाहन पोर्टलवर नोंदणी चालू दाखवते का, कर्जाचा बोजा आहे का, चलनं किती हे बघा. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि ना-देय पत्र. मग दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म २८. ते सांगलीच्या नावे, एमएच-१० साठीच काढायला सांगा. एजंट लोक सवयीने पुण्याच्या नावे काढतात आणि पुढे हेलपाटे तुम्हाला. इथे आल्यावर फॉर्म २९, ३०, आणि नव्या नंबरसाठी फॉर्म २७. नंतर एचएसआरपी प्लेट.

खरा दणका कराचा. पॅनामेरा पूर्ण तयार होऊन आयात होते, आणि महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कराचा दर २० टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशेब मूळ किमतीवरून सुरू होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नव्हे. टोकन द्यायच्या आधी आरसी आणि मूळ बिलाची प्रत घेऊन कार्यालयातून आकडा काढून आणा. कित्येकदा तो आकडा मिळवला की दिल्लीची 'स्वस्त' गाडी पुण्याच्या गाडीइतकीच पडते. पुणे किंवा मुंबई पासिंग असेल तर हा कर पुन्हा नाही, फक्त नाव बदल.

दुसरं, १५ वर्षांचं गणित. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये आणि २०११ ची त्याआधीच नूतनीकरणाला येते. २०२२ पासून आयात मोटारीच्या नूतनीकरणाची फी ४०,००० रुपये आहे, वर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. भाव ठरवताना हे विकणाऱ्यासमोर मांडा, रास्त मुद्दा आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागा, नुसती मालकाची सही चालणार नाही.

आणि पुराचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आपण विसरलो नाही, मुंबईला तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गाड्या बुडतात. पॅनामेराची बॅटरी डिकीच्या फळीखाली असते. ती फळी, खालचा फोम, बॅटरीचा खड्डा सगळं उचलून बघा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. नेहमी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची फिकट रेघ असेल तर गाडी बुडालेली. पुढच्या सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट आणि गालिच्याखालच्या वायरींचे जोड बघा, हिरवट बुरशीसारखी गंज असेल तर नमस्कार करून परत या. विमा कंपनीकडची क्लेम हिस्टरी नंबरावरून मिळते, ती मागाच.

कृष्णाकाठ_१०

दिल्ली कटाप. आकडा काढून आणतो, पण मन उठलं त्या गाडीवरून. आता दोन प्रश्न: इथलं पेट्रोल हिला चालतं का? आणि २०१४ नंतरची ४एस शोधावी का, ती टर्बोवाली असते म्हणतात?

सातवा_गिअर

उलट्या क्रमाने. २०१३ च्या फेसलिफ्टमध्ये एस आणि ४एस मधलं ४.८ व्ही-८ गेलं आणि दोन टर्बोचं ३.० व्ही-६ आलं, ४२० पीएस, ५२० न्यूटन मीटर. म्हणजे २०११ ची ४एस आणि २०१४ ची ४एस यांत बिल्ला तेवढा सारखा. खालच्या आरपीएमला ओढ जास्त, ॲव्हरेज थोडं बरं, पण दोन टर्बोंच्या ऑइल-कुलंटच्या लाइन आल्या आणि तुमच्या बजेटात चांगली मिळणं अवघड. फेसलिफ्टची डिझेलही सुधारली, ३०० पीएस आणि ६५० न्यूटन मीटर. रोजचा वापर हायवेचा असता तर तीच सांगितली असती. ४.८ टर्बो (५०० पीएस) सोडलीत ते बरंच केलंत. व्ही-८ ची सगळी दुखणी, वर दोन टर्बो, आणि एअर सस्पेन्शन तिला सक्तीचंच. हायब्रीड या वयात नको, बॅटरीचा प्रश्न इथे कोण सोडवणार.

पेट्रोल: इंजिन ९८ ऑक्टेनसाठी जुळवलेलं आहे, ९५ चालतं, त्याखाली नको. सांगली-साताऱ्यात एक्सपी-९५ मिळतं, तेच भरा. ९५ च्या खालचं भरलं तर नॉक सेन्सर इग्निशन मागे ओढतो, पिकअप मरतो, घाटात भरल्या गाडीला इंजिन तापतं. पुण्या-मुंबईला १०० ऑक्टेन मिळतं, फेरी होईल तेव्हा टाकी भरून घ्या. इथेनॉलचं लक्षात ठेवा: या गाड्या १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाच्या काळातल्या, आता पंपावर २० टक्के आहे. ॲव्हरेज थोडं उतरेल. धोका गाडी उभी राहण्यात जास्त. महिना-महिना अर्धी टाकी ठेवून गाडी लावू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. बॉनेटखालच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि त्यांचे जोड सर्व्हिसला दर वेळी बघायला सांगा. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच बंद.

पिविस_वाचा

तपासणी मुंबईच्या अधिकृत सेंटरला किंवा पिविस (पॉर्शेचं स्वतःचं तपासणी मशीन) असलेल्या स्वतंत्र वर्कशॉपमध्येच करा. साधा स्कॅनर गाडीतली निम्मी कंट्रोल युनिटं (छोटे कॉम्प्युटर) वाचत नाही.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा इंजिनचे एकूण तास बघा. किलोमीटरला तासांनी भागा. पुण्याच्या ५६,००० किमीच्या गाडीला २,००० तास असतील तर सरासरी ताशी २८, शहर आणि हायवे मिळून पटण्यासारखं. ४,५०० तास निघाले तर सरासरी साडेबारा. मग एक तर गाडी एसी लावून तासन्‌तास उभी असायची, नाहीतर मीटर मागे फिरलाय. गिअरबॉक्स आणि इतर युनिटांतल्या चुकांसोबत नोंदलेले किलोमीटरही ताडून बघा. मीटर फिरवणारा दरवेळी सगळीकडे पोहोचत नाही.

चेसिस नंबरातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: बी २०११, सी २०१२, डी २०१३. अकरावं 'एल' म्हणजे लाइपझिग. आरसीवर २०१२ आणि चेसिसवर 'बी' असेल तर गाडी बहुतेक काही महिने शोरूमला पडून होती. दोष नाही, पण भाव २०११ चा द्या.

पीडीके. आत दोन वेगळी ऑइलं असतात, क्लच-हायड्रॉलिकचं आणि गिअरचं. 'लाइफटाइम ऑइल आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. क्लचचं ऑइल आणि फिल्टर बदलल्याची नोंद नसेल तर ते काम भावातून वजा करा. चाचणी थंड गाडीवर घ्या: चढावर रिव्हर्समध्ये ॲक्सिलरेटर न देता रांगू द्या, थरथर नको. मग गाडी पूर्ण तापवून सिग्नलला थांबताना दुसऱ्यातून पहिल्यावर येताना धक्का बसतो का ते बघा. आतला सेन्सर गेला तर सुटा भाग सहज मिळत नाही, बहुतेक वेळा अख्खा गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. म्हणून पीडीकेचे जुने कोड पुसलेले आहेत का तेही विचारा. रिपोर्ट अगदी कोरा करकरीत असेल तर शंभर किमी चालवून दुसऱ्यांदा काढा.

बॅटरी कमजोर असेल तर गाडी खोट्या चुकांची माळ लावते, सस्पेन्शन, स्पॉयलर, पार्किंग सेन्सर सगळं एकदम. तपासणीआधी रात्रभर चार्जर लावायला सांगा, नाहीतर खरं-खोटं वेगळं काढता येणार नाही. नवी बॅटरी एजीएम जातीची लागते आणि मशीनने नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं.

व्ही-६ ठीक निघाली तर पहिल्या महिन्यात एवढं करून टाका: इंजिन ऑइल (ए-४० मान्यतेचं) आणि फिल्टर, सहा प्लग, पीडीकेचं क्लच ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट, दोन्ही एअर फिल्टर आणि वॉटर पंपाची नीट पाहणी. पाच लाख बाजूला ठेवाच, त्यातले दीड-दोन इथेच जातील. बाकीचे टायर आणि शॉकअपसाठी.

कृष्णाकाठ_१०

पुण्याच्या मालकाशी बोललो. पिविस रिपोर्ट आणि कॅमेरा दोन्हीला तयार आहे, खर्च माझा. चावी मात्र एकच आहे म्हणतो.

फॉर्म_२९_३०

मग दुसऱ्या चावीचे पैसे भावातून कापा. चावी चेसिस नंबरावर कंपनीकडून मागवावी लागते आणि गाडी सेंटरला नेऊन कोड करावी लागते, बाजारात कापून मिळत नाही. त्याच वेळी हरवलेली चावी सिस्टिममधून रद्द करून घ्या, आणि ती चावी हरवल्याचं मालकाकडून लेखी घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.